दानपेटीत कुणाचे पैसे?

चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक उपासनेत, अर्पणाचं गाणं सुरू झालं की बाकाबाकावर तीच धांदल. आई पर्स उघडते, दहाची नोट काढते आणि शेजारच्या पोराच्या हातात कोंबते. झोळी येते, पोर नोट टाकतं, झोळी पुढे सरकते. यात वाईट काही नाही, पण मूल दान करायला शिकलं असं मात्र समजू नये. पोरानं पोस्टमनचं काम केलं, एवढंच. पैसे आईचे, ठरवलं आईनं, आणि घरी परतल्यावर पोराकडचं काहीच कमी झालेलं नसतं.

वसईच्या वाड्यांपासून रेवदंड्याजवळच्या कोर्लईपर्यंत आणि खाली सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत ख्रिस्ती घरांत ‘देत जा रे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. कशातून द्यायचं, किती, कुणाला आणि कोणत्या रीतीनं, हे सांगणारे कमी. पुढचं सगळं त्याविषयी आहे. आई-बाबांसाठी आणि रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्यांसाठीही.

पहिली अट अशी की जे द्यायचं ते आधी मुलाचं असलं पाहिजे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आठवड्याला खाऊचे ५० रुपये देत असाल तर पन्नासची नोट देऊ नका. दहाच्या पाच नोटा किंवा नाणी द्या. अख्खी नोट मोडावी लागते, आणि मोडायला दुकानात गेलेली नोट वेफर्सचं पाकीट घेऊनच घरी येते. तीन पारदर्शक बरण्या घ्या: एक द्यायची, एक साठवायची, एक खर्चाची. पाचातली एक नोट पहिलीत, दोन दुसरीत, दोन तिसरीत. दशांशाच्या, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देण्याच्या, हिशेबानं पन्नासाचे पाचच होतात. घरात तो पाळत असाल तर पाचची नाणी जमवा. आकड्यापेक्षा क्रम महत्त्वाचा. द्यायचं ते सर्वांत आधी काढायचं. ‘उरलं तर देऊ’ म्हटलं की शनिवारपर्यंत काही उरत नाही, आणि हे मोठ्यांनाही लागू आहे.

मातीचा गल्ला दिसायला छान, पण या कामाला बरा नाही. आत किती जमलं ते दिसत नाही, आणि फोडल्याशिवाय काढता येत नाही. बरणी मुलाच्या नजरेच्या उंचीवर ठेवा. तिच्यावर ‘गरिबांसाठी’ असं लिहू नका. या शब्दाला चेहरा नाही, आणि पाच-सहा आठवड्यांत मुलाचा रस आटतो. ‘पाड्यावरच्या शाळेसाठी दहा वह्या’ असं लिहा, शेवटची तारीख घाला. मुदत छोटी असावी. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार आठवडे किंवा राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे दीड महिने पुरे. वर्षभर चालणारी बरणी हळूहळू शोभेची वस्तू होते.

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या याच दीड महिन्यात, पुष्कळ घरांत मुलं शुक्रवारी काहीतरी सोडतात. पहिल्या शुक्रवारपासून गुड फ्रायडेपर्यंत सात शुक्रवार येतात. दहा रुपयांचं पाकीट सोडलं तर सत्तर रुपये. पण हिशेब इथंच फसतो. पाकीट आणलं नाही, पैसेही कुणी काढून ठेवले नाहीत, ते आईच्या बाजारखर्चात विरले. मुलानं उपास केला आणि घरानं बचत केली! म्हणून दहा रुपये त्याच संध्याकाळी, मुलाच्याच हातानं, बरणीत पडले पाहिजेत. ‘ईस्टरला एकदम टाकू’ म्हटलं की ते आईचे होतात.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातला धन्याच्या पैशाचा दाखला बहुतेक मुलांना पाठ असतो: परदेशी निघालेला धनी तीन चाकरांकडे पैसे सोपवतो, दोघं ते वाढवतात, एकच तालांत मिळालेला तिसरा तो पुरून ठेवतो. पण रक्कम कुणी सांगत नाही. त्यामुळे तिसऱ्या चाकराला चिल्लर मिळाली होती आणि बिचाऱ्यावर अन्याय झाला, अशी मुलांची समजूत होते. वर्गात फळ्यावर गणित मांडा. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. त्याच शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर आहे. आजची मजुरी ५०० रुपये धरली तर एका तालांताचे तीस लाख होतात. त्या चाकरानं तीस लाख जमिनीत पुरले. चोरले नाहीत, उधळले नाहीत, जसेच्या तसे परत केले, तरी धनी रागावला. ‘निदान सावकारांकडे तरी ठेवायचे होतेस’ असं तो म्हणतो. दहा वर्षांच्या मुलाला हा मुद्दा पटकन कळतो: आपल्याकडे थोडं आहे ही सबब त्या चाकरालाही नव्हती.

इथून साठवणीच्या बरणीकडे जाता येतं. बचत म्हणजे स्वतःपुरतं पाहणं असं मुलांना वाटू देऊ नका. वसईची बॅसीन कॅथॉलिक बँक १९१८ साली सहकारी पतसंस्था म्हणून सुरू झाली, ती मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकारानं. एका वाडीतल्या माणसाचे पडून असलेले पैसे दुसऱ्या वाडीतल्या माणसाला कर्ज म्हणून मिळतात, सहकाराचं तत्त्व एवढंच. मुलाला खातं काढून देताना हे सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या नियमांप्रमाणे दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं. मर्यादा बँक ठरवते. त्याआधी पालकांच्या सहीनं. स्लिप मुलालाच भरू द्या, खिडकीशी त्यालाच उभं करा. रांगेतल्या मंडळींना पाच मिनिटं थांबावं लागलं तर थांबतील.

पैशांविषयी एवढं बोललं जातं, गुणांविषयी मात्र ‘देवानं दिलेले गुण वापरा’ या एका वाक्यावर भागवतात. वापरा म्हणजे काय करायचं? आपल्या मातीतलं उदाहरण गोन्सालो गार्सियांचं आहे. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले, तरुणपणी जपानात गेलेले, तिथली भाषा शिकलेले. पुढे व्यापारात पडले, पैसा मिळवला. मग तो धंदा सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन या धर्मसंघात ब्रदर झाले आणि जपानला गेलेल्या मिशनऱ्यांचे दुभाषे म्हणून परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मरण आलेल्या २६ जणांत ते होते. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. मुलांना हौतात्म्याचीच गोष्ट सांगितली जाते. वर्गासाठी त्याआधीचा भाग जास्त उपयोगाचा आहे. धर्मगुरू नसलेल्या या माणसाकडे जपानी भाषा होती, आणि बरोबरच्यांना त्याच भाषेची गरज होती.

तेव्हा मुलाचा गुण शोधताना ‘तुला काय आवडतं’ एवढंच विचारू नका. लोक त्याच्याकडे काय मागायला येतात ते पाहा. शेजारची मुलं गणित विचारायला येतात का? आजोबा फोन याच पोराच्या हातात देतात का? घरात लहान बाळ रडलं की कुणाकडे दिलं की गप्प होतं? मुलांना स्वतःचे गुण सांगता येत नाहीत, किंवा टीव्हीवर पाहिलेले सांगतात. वर्गात प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी फिरवून इतरांना लिहायला सांगा: ‘याच्याकडून मी एकदा कसली मदत घेतली.’ गुणाचं नाव नको, प्रसंग हवा. नाहीतर सगळ्यांच्या चिठ्ठीवर ‘चांगला मुलगा’ येतं. चिठ्ठी कोरी राहिलेल्या मुलाची भर शिक्षकानं घालायची, आणि ती आधीच तयार ठेवायची.

गुण सापडला की त्याला वार, वेळ आणि एक माणूस नेमून द्या. गणित चांगलं असलेल्या सातवीतल्या मुलीनं तिसरीतल्या एकाच मुलाला आठवड्यातून दोनदा पाऊण तास शिकवावं, आठ आठवडे. चार मुलं घेतली की शिकवणं होत नाही, गोंगाट होतो. संपायची तारीख पहिल्याच दिवशी दोन्ही घरांना सांगायची. हे काम परीक्षेच्या तोंडावर सुरू केलं तर तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं. समोरच्या मुलाला वाटतं आपण ढ म्हणून ताईनं यायचं सोडलं. मदत अर्धवट टाकण्यापेक्षा सुरू न केलेली परवडते.

गाणाऱ्या मुलांना अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे न्यायचं तर वीस मिनिटं, तीन गाणी, बस्स. आदल्या दिवशी घरच्यांना विचारून ठेवा कोणती गाणी आवडतात. गिटारवरच्या नव्या गाण्यांपेक्षा वाडीतली जुनी, सामवेदी किंवा वाडवळी बोलीतली गाणी म्हाताऱ्यांना ओठांवर येतात; ती मुलांना येत नसतील तर आजीकडून आधी शिकून घ्यावी लागतील, हा वेगळा फायदा. फोटो काढायचे नाहीत. खोलीत औषधांचा वास असतो, कुणी मध्येच रडतं, हे मुलांना निघण्याआधी सांगा, म्हणजे ती तिथं फिदीफिदी हसणार नाहीत. मुलं हसतात ती बहुधा घाबरून.

शिवणकाम, जाळं दुरुस्त करणं, नारळाच्या हिरांची केरसुणी बांधणं हेही गुणच, पण आपण त्यांना ‘काम’ म्हणून खाली टाकतो. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नवव्या अध्यायात दुर्कस नावाची बाई मरण पावते, तेव्हा विधवा रडत रडत येशूचा शिष्य पेत्र याला दाखवतात काय, तर तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे. मोबाइल वापरण्यातला हातखंडा हा आजच्या मुलांचा मोठा गुण. म्हाताऱ्यांना गॅसचं बुकिंग, रेल्वेचं तिकीट, मेसेज वाचून दाखवणं, यात तेरा-चौदा वर्षांचं मूल खरंच कामाला येतं. नियम मात्र कडक हवा: पिन विचारायचा नाही, ओटीपी ऐकायचा नाही, पैशांचा व्यवहार आपल्या हातानं करायचा नाही. व्यवहार असेल तेव्हा त्या घरचं मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं. पुढे पैसे गेले तर पहिला संशय त्या पोरावर येईल.

एक सावधगिरी. काही मुलं चर्चमध्ये सगळ्यात पुढे आणि घरात आजीला पाणी द्यायला मात्र उठत नाहीत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूनं नेमकं यावरच बोट ठेवलं आहे: आई-वडिलांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं सांगून हात वर करणारे. मासळी विकून दमून आलेल्या आईची पाटी धुणं हे पहिल्या यादीत असलं पाहिजे. घरची एक जबाबदारी ठरल्याशिवाय बाहेरची सेवा द्यायची नाही, असा वर्गाचा नियमच करावा.

आता कोळीवाड्यांचं. पाचूबंदर, अर्नाळा, उत्तन अशा गावांत वर्षभर सारखा खाऊ देणं जमत नाही. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, घर सुक्या मासळीवर आणि साठवणीवर चालतं. अशा घरातल्या मुलाला ‘दर आठवड्याला दहा रुपये’ हा नियम लावला तर जून-जुलैत ते एकतर खोटं बोलेल नाहीतर वर्गाला येणं बंद करेल. प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातल्या आठव्या अध्यायाचा आधार घ्या: जे जवळ आहे त्याप्रमाणे, नाही त्याप्रमाणे नव्हे. त्याच अध्यायात पुढे पौल म्हणतो की आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांची तुमची. यावरून मुलांना घेणंही शिकवता येतं, जे देण्यापेक्षा अवघड आहे. जुलैत वाडीतून कोळीवाड्यात भाजी जावी, केळी जावी. नाताळाच्या हंगामात उलट दिशेनं मासळी यावी. त्यानं कुणी दाता आणि कुणी गरजू असे शिक्के मुलांवर बसत नाहीत.

जमीन विकून पैसा आलेल्या घरांची अडचण उलटी. वसई-विरार पट्ट्यात अशी घरं थोडीथोडकी नाहीत. तिथं ५० रुपयांच्या बरणीला काही अर्थ नाही. मागितलं की मिळतं, त्यामुळे दिलं तरी कमी होत नाही. या मुलांकडून पैसे कमी आणि वेळ जास्त मागा. शिवाय तेरा-चौदाव्या वर्षी त्यांना घरचा दानाचा हिशेब दाखवा: गेल्या वर्षी कुणाला किती दिलं, का दिलं, कुणाला नाही म्हटलं. आपल्याकडे गाडी किती लाखांची हे मुलांना तोंडपाठ असतं, बाबांनी वर्षात किती दिलं ते ठाऊक नसतं. हिशेब दाखवायला लाज वाटण्याइतका छोटा निघाला, तर तेही कळलेलं बरं.

वस्तू देताना एकच कसोटी: ही वस्तू आपल्या सख्ख्या मावसभावाला दिली तर तो वापरेल का? तुटकी चेन, अर्धी रंगपेटी, एक तुकडा हरवलेलं कोडं, हे दान नव्हे, माळा साफ करणं आहे. पाड्यावरच्या शाळेला काही द्यायचं असेल तर आधी मुख्याध्यापकांना विचारा: किती मुलं, कोणत्या इयत्ता, मापं काय. न विचारता गेलेल्यांकडून एकाच मापाचे चाळीस रेनकोट येतात आणि वह्या रेघी हव्या असताना चौकटी येतात. दुसरी चूक वेळेची. रायगडातली कित्येक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नाताळात हौसेनं खाऊ घेऊन पाड्यावर गेलात तर कुलूपबंद झोपड्या दिसतील. तिथं जूनच बरा. आणि पाकिटात प्रार्थनेची पुस्तिका, पवित्र चित्र घालू नका, वाटण्याआधी प्रार्थना म्हणायला लावू नका. वही घ्यायला आलेल्या मुलाला काही कबूल करावं लागतंय असं वाटलं तर वही त्याला जड होते, आणि गावात नसते संशय उभे राहतात ते वेगळंच.

आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात, तेव्हा बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा १९वा अध्याय काढा. शेताची कड कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरीब आणि परके यांच्यासाठी सोडा. इथं मालक वाटत बसत नाही; घेणारा स्वतः येऊन, स्वतः वेचून नेतो, त्याला हात पसरावे लागत नाहीत. भातशेती उरली नसेल तर परसातलं एक झाड ‘कडेचं’ ठरवता येतं. एका पेरूवरची किंवा शेवग्यावरची हद्द मुलांनीच ठरवायची, आणि वाटेनं जाणाऱ्यांनी काढलं तर ओरडायचं नाही. हे शेवटचं मुलांपेक्षा आजोबांना जड जातं.

उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये हे शिकवणं आपल्याकडे फार कठीण, कारण आपल्या देवळांत पंख्याच्या पात्यांवरही ‘यांच्या स्मरणार्थ’ रंगवलेलं असतं. वर्गापुरता उपाय आहे. गरजूंना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल या कॅथलिक संस्थेच्या सभांत गुप्त झोळी फिरवायची जुनी रीत आहे. कुणी किती टाकलं, कळत नाही. तीच वर्गात आणा. गडद रंगाच्या जाड कापडाची, हात मनगटापर्यंत जाईल एवढी खोल आणि तोंडाशी अरुंद पिशवी शिवून घ्या. तळाशी जुन्या टॉवेलचा तुकडा टाका, नाहीतर नाण्याचा आवाज होतो आणि आवाजावरून मुलं रक्कम ओळखतात. प्रत्येकानं मूठ बंद करून हात आत घालायचा, रिकाम्या मुठीनंसुद्धा. पैसे नसलेलं मूल यात उघडं पडत नाही. ‘कोणत्या इयत्तेनं जास्त जमवले’ अशी स्पर्धा लावली की मात्र सगळं मुसळ केरात. दुसऱ्या रविवारी मुलं वडिलांकडून पाचशेची नोट घेऊन येतात आणि पुन्हा आपण सुरुवातीच्या दहाच्या नोटेशी.

गुप्त द्यायचं असलं तरी हिशेब उघडा हवा. झोळी लगेच, वर्गासमोर, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं मोजतील. वहीत तारीख, रक्कम, कुठं गेली एवढे रकाने, चौघांच्या सह्या. पैसे आठ दिवसांत पुढे गेले पाहिजेत. शिक्षकाच्या कपाटात महिनाभर राहिलेली रक्कम चोख असली तरी चर्चेचा विषय होते. पावती वहीत चिकटवा. सेवेसाठी कुणाच्या घरी जायचं तर दोन मोठी माणसं बरोबर हवीत, पालकांची लेखी परवानगी हवी, आणि एकटं मूल कुठल्याही घरात पाठवायचं नाही, ओळखीच्या घरातसुद्धा.

मुलाच्या पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या, समारंभात पाहुण्यांनी दिलेल्या पाकिटांचं काय करायचं, हा प्रश्न दरवर्षी येतो. मुलाच्या नावानं एवढी रक्कम बहुधा पहिल्यांदाच येते, आणि ती पाहुण्यांच्या जेवणाच्या खर्चात वळवली जाते. वळवायचीच असेल तर मुलाला तसं सरळ सांगा. ‘तुझ्यासाठी ठेवलेत’ म्हणून वापरू नका. नसेल वळवायची, तर वाटा कसा करायचा ते समारंभाच्या पंधरा दिवस आधी, पाकिटं हातात येण्यापूर्वी, मुलाबरोबर बसून कागदावर लिहा. नोटांचा गठ्ठा पाहिल्यावर नऊ वर्षांचं मूल काय, कुणीच हिशेबी राहत नाही.

आणि मुलानं ‘नाही देणार’ म्हटलं तर? म्हणू द्या. पौलाचीच अट आहे की मनात ठरवलं असेल तेवढंच द्यावं, जुलमानं नाही. त्या आठवड्याची नोट बरणीबाहेर राहील. टोमणा मारायचा नाही, भावंडाचं कौतुक त्याच्या देखत वाढवायचं नाही, पुढच्या आठवड्याचे ५० रुपये कापायचे नाहीत. दोन-तीन आठवडे असंच चाललं तर बरणीवरचं नाव बदलून पाहा. पुष्कळदा ते नाव मुलानं नाही, आईनं लिहिलेलं असतं.